बर्फ कुणाकडे आहे?

2025 च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात भारताच्या महिला आइस हॉकी संघानं आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेतलं भारतीय मुलींचं हे पहिलंच पदक. आपल्याकडे ते दिवस मृगाकडे डोळे लावून बसण्याचे, बियाण्याची आणि खताची जुळवाजुळव करण्याचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या बाजारात त्या आठवड्यात कुणी ही बातमी चर्चेला घेतली असेल असं वाटत नाही. पण स्पर्धा कुठे झाली, एवढं तरी आर्णीकरानं पाहायला हवं होतं. ती झाली संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन या वाळवंटाच्या कडेच्या शहरात. तिथे जूनमध्ये पारा 45 अंशांच्या घरात जातो, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या मे महिन्याइतकाच. आणि पदक जिंकणाऱ्या मुली बहुतेक लडाखच्या, जिथे जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंत उतरतो. हिमालयातल्या मुलींना बर्फासाठी वाळवंट गाठावं लागलं, कारण जूनमध्ये बर्फ वाळवंटाकडे होता आणि लडाखकडे नव्हता.

भारताच्या आइस हॉकीचं सगळं कोडं या उलट्या भूगोलात आहे.

एखादा राष्ट्रीय संघ आंतरराष्ट्रीय मैदानातून बाहेर जातो आणि परत येतो, तेव्हा त्यामागे बहुधा मोठी कारणं असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी आणि जपान यांना आंतरराष्ट्रीय आइस हॉकीनं काही वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी 2022 मध्ये रशिया आणि बेलारूसच्या संघांवर बंदी आली. 2020 मध्ये कोविडमुळे खुद्द विश्वविजेतेपदाची स्पर्धाच रद्द झाली आणि सगळ्यांनाच घरी बसावं लागलं. भारतावर अशी बंदी कधी आली नाही. तरीही भारतीय संघ दरवर्षी खेळाबाहेर जातो आणि दरवर्षी परत येतो. फेब्रुवारीच्या मध्यावर लडाखमधली तळी वितळू लागतात आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत खेळाडूंच्या पायाखाली बर्फ नसतो. आशियाई स्पर्धा मात्र बहुतेक वेळा मार्च ते जूनच्या दरम्यान भरतात. थोडक्यात, परीक्षा येते ती शाळा बंद असताना.

आधी खेळ समजून घेऊ. आइस हॉकीत एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा जण बर्फावर असतात, त्यातला एक गोलरक्षक. चेंडूऐवजी पक नावाची कडक रबराची चकती असते, जाडी 2.54 सेंटिमीटर, व्यास 7.62 सेंटिमीटर, वजन 156 ते 170 ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, नाहीतर रबर उसळ्या घेतं आणि बर्फावरून सरळ घसरत नाही. 20 मिनिटांचे तीन डाव. मैदानाला सगळीकडून छातीपर्यंतच्या फळ्यांचं कुंपण असतं आणि पक त्यावर आपटून परत येतो, त्यामुळे मैदानी हॉकीसारखा खेळ सारखा बाहेर जाऊन थांबत नाही. हा वेग कुणालाच फार वेळ झेपत नाही. पाऊण मिनिट, फार तर मिनिटभर जीव तोडून खेळायचं, कुंपणावरून उडी मारून बाकावर यायचं आणि दुसऱ्यानं तिथूनच आत घुसायचं. खेळ चालू असतानाच ही अदलाबदल होते. म्हणून चांगल्या संघाला सहा उत्तम खेळाडू पुरत नाहीत, वीस लागतात. लहान देशांचे संघ शेवटच्या डावात ढेपाळतात ते बहुधा इथेच.

बंदिस्त जागेतला, नियम ठरवून खेळलेला पहिला सामना कॅनडातल्या माँट्रियलमध्ये 3 मार्च 1875 रोजी झाला असं मानतात. 1908 मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला तो 1920 ला अँटवर्पमध्ये, तेही उन्हाळी ऑलिंपिकमध्ये. हिवाळी ऑलिंपिक सुरू व्हायला अजून चार वर्षं होती. त्याच 1920 साली शिमल्यात ब्लेसिंग्टन नावाच्या गृहस्थानं थंडीत पाणी गोठवून स्केटिंगची रिंक तयार केली. ती आजही आहे, आणि आजही थंडीवरच अवलंबून आहे. एखाद्या हिवाळ्यात आभाळ भरून राहिलं की तिथलं वेळापत्रक कोलमडतं, कारण निरभ्र रात्रीच जमिनीची उष्णता निघून जाते आणि पाणी नीट गोठतं. जिरायती शेतीइतकंच बेभरवशाचं काम.

बर्फावरून घसरता येतं ते का, याचं शाळेत सांगितलं जाणारं उत्तर अपुरं आहे. ब्लेडच्या दाबानं बर्फ वितळतो आणि पाण्याचा थर तयार होतो, असं आपण शिकलो. पण माणसाच्या वजनानं बर्फाचा वितळणबिंदू फार तर काही अंशांनी खाली येतो. मग उणे 15 अंशांवर स्केटिंग कसं होतं? मायकेल फॅरेडे यांनी 1850 च्या सुमारास सुचवलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर, कुणी पाय न ठेवताही, पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून धरून ठेवणारं कुणी नसतं, म्हणून ते आतल्या रेणूंपेक्षा मोकळे राहतात. त्यात घर्षणाच्या उष्णतेची भर पडते. या सगळ्यांत कुणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. व्यवहारात एक गोष्ट पक्की आहे: बर्फ सर्वांत निसरडा असतो तो उणे 7 अंशांच्या आसपास. त्याहून गरम झाला तर मऊ पडतो आणि ब्लेड रुतू लागतं, फार गार झाला तर घर्षण वाढतं आणि कडा तुटून खपल्या उडतात. लडाखच्या मुलांना डिसेंबरच्या पहाटे भेटतो तो हा दुसरा बर्फ, दगडासारखा. आणि दुपारी उन्हात भेटतो तो पहिला. रिंकमधला, दिवसभर एकाच तापमानाला राहणारा बर्फ त्यांना परदेशात गेल्यावरच मिळत आला.

हा रिंकमधला बर्फ बनतो कसा, हे विदर्भातल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण तीच यंत्रं आपल्या बर्फाच्या कारखान्यात असतात. कारखान्यात अमोनियाचा कॉम्प्रेसर असतो, त्यानं मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली थंड करतात आणि त्यात पाण्याचे डबे बुडवून लादी काढतात. मीठ असल्यामुळे ते पाणी स्वतः गोठत नाही. रिंकमध्ये हेच खारं पाणी किंवा ग्लायकॉल सिमेंटच्या जमिनीत पुरलेल्या नळ्यांमधून फिरवतात. जमीन थंडगार झाली की तिच्यावर पाण्याचे पातळ थर एकामागून एक फवारत जातात. एकदम पाणी सोडून चालत नाही. बर्फ ओबडधोबड होतो आणि आत हवा अडकते. मधल्या एका थरावर पांढरा रंग आणि रेषा मारतात, वर पुन्हा पाणी. तीन सेंटिमीटरच्या आसपास जाडी झाली की मैदान तयार.

आता थोडा हिशेब. ऑलिंपिक मापाची रिंक 60 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद. तीन सेंटिमीटर बर्फाला पाणी लागतं सुमारे 50,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे पाच टँकर. उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजणाऱ्या गावाला हा आकडा फार मोठा वाटणार नाही. हे पाणी 30 अंशांवरून खाली आणून गोठवायला, यंत्राची सर्वसाधारण कार्यक्षमता धरली तर, अडीच-तीन हजार युनिट वीज पुरते. म्हणजे बर्फ करणं काही विशेष महाग नाही. महाग आहे तो टिकवणं. छत आणि दिवे वरून उष्णता टाकत राहतात, प्रेक्षक श्वास सोडत राहतात, हवेतली वाफ बर्फावर येऊन गोठते आणि गोठताना आपली उष्णता तिथेच सोडते. थंड देशांतल्या सर्वसाधारण बंदिस्त रिंकलाही वर्षाला दहा लाख युनिटच्या आसपास वीज लागते. उष्ण देशात ती वाढते, पण इथे एक गंमत आहे. रिंकचा मोठा वैरी नुसतं ऊन नसून दमट हवा आहे. भिंती आणि छत नीट बांधलं तर बाहेरचं 45 अंश अडवता येतं. ओलावा मात्र दार उघडलं की आत येतो आणि तो काढायला वेगळी यंत्रं लागतात. म्हणून वाळवंटातली कोरडी हवा रिंकला त्यातल्या त्यात सोयीची. याच न्यायानं विदर्भाचा मे महिना मुंबईच्या ऑगस्टपेक्षा बरा ठरेल. यवतमाळात रिंक काढा असं मी सुचवत नाही; विजेचं बिल कोण भरणार हा प्रश्न मलाही पडतो. पण आपल्याकडे ऊन आहे म्हणून हा खेळ अशक्य, हे कारण मात्र खरं नाही.

महाराष्ट्रानं बर्फ आधी पाहिला तो उसना. 1830 च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनच्या परिसरातली तळी हिवाळ्यात गोठली की त्यांचे चौकोनी ठोकळे कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजानं कलकत्त्याला आणि मुंबईला पाठवले जात. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानं यात पैसा केला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच माल वितळायचा, तरी उरलेल्यात फायदा सुटायचा. मुंबईत वर्गणी काढून बर्फघर बांधलं गेलं. पुढे अमोनियाची यंत्रं आली आणि तळ्यावरच्या बर्फाचा धंदा संपला. जगाच्या आइस हॉकीतही नेमका हाच बदल झाला, तळ्यावरून कारखान्याकडे. भारतीय आइस हॉकी मात्र दीर्घकाळ तळ्यावरच राहिली.

लडाखमध्ये हा खेळ रुजवला तो मुख्यतः लष्करानं, 1970 च्या दशकात. सैनिकांना हिवाळ्यातला व्यायाम हवा होता आणि बर्फ फुकट होता. सैनिकी बुटांना खाली पाती ठोकून स्केट्स केले गेले. लेहमधलं करझू तळं हे या खेळाचं जुनं ठिकाण. 1985 मध्ये लडाख विंटर स्पोर्ट्स क्लब सुरू झाला. 1989 मध्ये भारतीय आइस हॉकी संघटना आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली, आणि भारताचा पुरुष संघ पहिला अधिकृत सामना खेळला 2009 मध्ये, अबू धाबीला, आशियातल्या चॅलेंज चषकात. सदस्यत्व आणि पहिला सामना यांत वीस वर्षं गेली. खेळाडूंची उणीव नव्हती. लेहच्या पोरांना हिवाळ्यात दुसरं काही करायलाच नसतं. शाळा बंद, रस्ते बंद. उणीव होती ती पैशाची, साहित्याची आणि छताखालच्या बर्फाची. अबू धाबीला त्यांना मोठ्या फरकानं हार पत्करावी लागली. पूर्ण मापाच्या मैदानावर, पक्क्या कुंपणासह, त्या वेगानं खेळण्याची सवय त्यातल्या फार थोड्यांना होती. लेहचं मैदान कमी उंचीच्या फळ्यांचं. तिथे कुंपणावर पक आपटून पास देण्याचं अंग तयार होत नाही. हे अंग पुस्तकातून येत नाही.

मुलींची वाट आणखी अवघड होती. बर्फ दोन महिन्यांचा, त्यातही आधी हक्क पुरुषांच्या संघांचा. मुलींना उरलेले तास. स्केट्स मोठ्या भावाचे, नाहीतर पाळीपाळीनं वापरायचे. गोलरक्षकाचं साहित्य तर सगळ्यांत महाग, म्हणून सुरुवातीला मैदानी हॉकीचं वापरून भागवलं गेलं. 2016 च्या मार्चमध्ये भारतीय महिला संघ पहिल्यांदा तैपेईला आशियाई स्पर्धेत उतरला. जाण्यासाठी लागणारे पैसे लोकवर्गणीतून उभे करावे लागले. निकाल अर्थातच वाईट लागला. पुढच्याच वर्षी, 2017 च्या मार्चमध्ये बँकॉकला, याच संघानं फिलिपाइन्सला 4-3 असं हरवलं. भारतीय मुलींचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. सामन्यानंतर राष्ट्रगीत वाजलं तेव्हा मुली रडल्या, हे त्या वेळी सगळीकडे छापून आलं. मला त्याहून मोलाची वाटते ती एका वर्षातली सुधारणा. मधल्या काळात कृत्रिम बर्फावरच्या सरावासाठी त्यांना किर्गिझस्तानातल्या बिश्केकसारख्या शहरी जावं लागलं होतं. काही आठवडे पूर्ण मापाचा बर्फ मिळाला की काय फरक पडतो, हे त्या 4-3 वरून कळतं.

या मुलींकडे एक गोष्ट मात्र अशी आहे जी अल ऐन किंवा बँकॉकच्या मुलींकडे नाही. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत वाढलेल्या शरीरात प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जास्त असते. सपाटीवर खेळताना दम उशिरा लागतो. 2018 च्या फेब्रुवारीत पँगाँगच्या पलीकडच्या चिबरा करग्याम इथे 4,361 मीटर उंचीवर सामना खेळवून भारतीय संघटनेनं गिनेस बुकात जगातल्या सर्वांत उंच आइस हॉकी सामन्याची नोंद केली. त्याच हिवाळ्यात कॅनडाची हेली विकेनहायझर लडाखला येऊन गेली. चार ऑलिंपिक सुवर्णपदकं नावावर असलेली ही खेळाडू मुलींना शिकवून गेली आणि वर्षअखेरीस त्यांच्यातल्या काहींना तिनं कॅलगरीला आपल्या स्पर्धेत बोलावलंही. एवढ्या मोठ्या खेळाडूनं तळ्यावर येऊन शिकवणं कौतुकाचंच, पण कॅलगरीतल्या बाराही महिने चालणाऱ्या रिंका पाहून परतल्यावर त्या मुलींना फेब्रुवारीअखेर पुन्हा वितळलेलं तळंच मिळालं.

मग कोविड आला. काही काळ आशियाई स्पर्धा थंडावल्या. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्यावर संघ बांधताना अडचण तीच, फक्त वर्षं वाढलेली. तरी या काळात दोन-तीन गोष्टी बदलल्या होत्या. 2020 पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या आणि लेहमध्ये आइस हॉकीचे सामने नियमित व्हायला लागले. लष्कर आणि भारत-तिबेट सीमा पोलीस यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. पोलीस दलानं मुलींचा संघही बांधला. नोकरी लागली की वयाच्या बाविशीत खेळ सुटत नाही, हे आपल्याकडच्या कबड्डीपटूंना आणि कुस्तीगिरांना सांगायला नको. पुरस्कर्ते आले, लडाखमध्ये लीग सुरू झाली. कर्णधार त्सेवांग चुस्कितसारख्या, पहिल्या दिवसांपासूनच्या मुली अजून संघात होत्या. 2025 चं कांस्य याच सातत्यातून आलं.

आता देहरादूनबद्दल, कारण या गोष्टीतला सर्वांत खटकणारा भाग तिथे आहे. जानेवारी 2011 मध्ये देहरादून आणि औली इथे पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. त्यासाठी देहरादूनच्या रायपूर भागात, महाराणा प्रताप क्रीडा महाविद्यालयाच्या आवारात पूर्ण मापाची बंदिस्त रिंक बांधली गेली. भारतातली अशी पहिलीच. 2012 च्या मार्चमध्ये तिथे चॅलेंज चषकाच्या खालच्या गटाचे सामनेही झाले. भारतीय संघ पहिल्यांदा स्वतःच्या देशात, छताखाली खेळला. त्यानंतर रिंक बंद पडली. वीज आणि देखभाल यांचा खर्च कुणी उचलायचा, याचं उत्तर बांधकामाच्या वेळी कुणी लिहून ठेवलं नव्हतं. दहा वर्षांहून अधिक काळ देशातलं एकमेव पूर्ण मापाचं बर्फाचं मैदान कोरडं पडून होतं आणि राष्ट्रीय संघ गुरुग्रामच्या एका मॉलमधल्या छोट्या रिंकवर, नाहीतर परदेशात सराव करत होता. कोट्यवधी रुपयांची इमारत उभी करायला आपल्याकडे निधी मिळतो, तिचं महिन्याचं बिल भरायला मिळत नाही. हा आजार आपल्या तालुक्यातल्या व्यायामशाळांपासून क्रीडासंकुलांपर्यंत सगळीकडे ओळखीचा आहे.

2025 मध्ये ही रिंक हिमाद्री या नावानं दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची आशियाई खुली स्पर्धा झाली. म्हणजे ऐन पावसाळ्यात, देहरादूनच्या दमट हवेत, बर्फ टिकला. आइस हॉकीच्या दृष्टीनं या बातमीला 2025 च्या कांस्यपदकाइतकंच महत्त्व आहे. लेहमधल्या मुलीला आता मार्चमध्ये बिश्केकचं विमान न पकडता सराव करता येईल, बिलं वेळेवर भरली गेली तर.

यात महाराष्ट्राचा संबंध येतो तो चाकांवरून. पुण्या-मुंबईत आणि नागपुरात स्केटिंग शिकणारी मुलं हजारोंनी आहेत. सोसायटीच्या आवारात, शाळेच्या सिमेंटवर, पहाटे रिकाम्या रस्त्यावर ती दिसतात. त्यांच्यातली काही शिमल्याला, गुलमर्गला, लेहला जाऊन बर्फावर उतरतात, आणि खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्रानं स्केटिंगमध्ये पदकं मिळवली आहेत ती अशाच मुलांमुळे. चाकांवरून ब्लेडवर जाणं वाटतं तितकं सरळ नसतं. ओळीत लावलेली चाकं रबरासारखी जमीन धरतात. बर्फाच्या ब्लेडला खालून खोबण कोरलेली असते, त्यामुळे त्याला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. वळायचं ते धारेवर कलून, थांबायचं ते दोन्ही पाय आडवे टाकून बर्फ खरवडत. चाकांवर शिकलेला मुलगा पहिल्या दिवशी वेगानं पुढे जातो आणि थांबता येत नाही म्हणून कुंपणाला जाऊन धडकतो. पण तोल, ढकल आणि गुडघे वाकवून धरण्याची सवय त्याच्या अंगात आधीच असते, त्यामुळे ही अडचण महिनाभराच्या सरावात सुटते. हॉकीची काठी हाताळणं चाकांवरच्या हॉकीतही शिकता येतं. तिचे नियम थोडे वेगळे, पण नजर आणि मनगट तेच.

म्हणून आर्णीतल्या एखाद्या मुलीला या खेळात शिरायचं असेल तर रस्ता लांबचा असला तरी माहीत असलेला आहे. सपाट सिमेंट आणि चाकांचे स्केट्स घेऊन सातव्या-आठव्या वर्षी सुरुवात, जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या स्केटिंग स्पर्धा, मग उन्हाळ्याच्या सुट्टीत देहरादूनला बर्फावरची ओळख आणि हिवाळ्यात लेहची शिबिरं. खर्च स्केट्सचा आणि प्रवासाचा. बर्फाचा नाही, तो देहरादूनला मे महिन्यातही उणे पाच-सहा अंशांवर ठेवता येतो, आणि त्या महिन्यातलं विजेचं बिल कुणाच्या नावावर निघेल हे उत्तराखंड सरकारला आणि क्रीडा मंत्रालयाला दरवर्षी नव्यानं ठरवावं लागणार आहे.